बिवा सरोवरातला बास: जपानला गळ घेऊन जाणाऱ्यांसाठी

खोलपाणी

जपान फिरायला गेलेले लोक क्योटो करतात, नारा करतात, ओसाकात पोटभर खातात आणि परततात. क्योटो स्टेशनातून लोकल धरली की दहा मिनिटांत ओत्सु येतं. स्टेशनाबाहेर पडून उताराला लागलं की पंधरा मिनिटांच्या चालीवर बिवा सरोवर. ६७० चौरस किलोमीटर पाणी, जपानमधलं सगळ्यात मोठं. ज्यांना बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मासेमारीचा नाद आहे त्यांनी या पाण्याला पाठ दाखवून यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम या सरोवराकडे अर्धा आहे. २ जून १९३२ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो आकडा ७७ वर्षं कुणाला गाठता आला नाही. मग २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता यांनी बिवामध्ये जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा आमिष म्हणून लावून १०.१२ किलोचा मासा काढला. म्हणजे २२ पौंड ५ औंसांना जेमतेम कमी, पेरींच्या माशाहून थोडा जडच. पण या वजनाच्या माशांत जुना विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त भरावे लागतात असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे कुरितांची नोंद 'बरोबरी' म्हणून झाली, तीही पॉलिग्राफ चाचणी वगैरे सगळे सोपस्कार होऊन. माशाची लांबी ७३.५ सेंटिमीटर आणि घेर ६८ सेंटिमीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, म्हणजे तो मासा कसा दिसत असेल ते डोळ्यापुढे येईल.

सरोवराचे दोन भाग आहेत. बिवाको ओहाशी या पुलापाशी पाणी अरुंद होतं. पुलाच्या वरचं उत्तर सरोवर प्रचंड आणि खोल, कमाल खोली १०४ मीटर. पुलाखालचं दक्षिण सरोवर लहान आणि उथळ, सरासरी जेमतेम ४ मीटर, तळाला पाणवनस्पतींचं रान. पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिण सरोवर धरावं असं माझं ठाम मत आहे. उत्तरेला पाणी निवळशंख, मासा लांबून माणूस बघतो, जागा एकमेकींपासून दूर आणि वारा उठला तर परतीची वाट मोठी.

हंगाम म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीआधीच्या जड माद्या खोल पाण्यातून वर सरकायला लागतात. एप्रिल-मे विणीचा काळ. जून-जुलैत वनस्पती वाढतात आणि त्यांच्या काठाकाठाने मासे मिळतात. शरद ऋतूत बास छोट्या आयु माशांच्या थव्यांमागे फिरतो, तेव्हा शोधाशोध फार. मला स्वतःला जूनचा सुरुवातीचा काळ आवडतो. पाऊस असतो, पण आभाळ भरलेलं असलं की बास दिवसभर उथळात राहतो.

आता महत्त्वाची गोष्ट. बिवामध्ये पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला शिगा प्रीफेक्चरची, म्हणजे इथल्या प्रांत सरकारची, बंदी आहे. हा नियम १ एप्रिल २००३ पासून लागू आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी इथे जाऊ नये, दुसरी तळी आहेत. त्याबद्दल विचारलंत तर सांगेन.

लेकफोर्कवाला

सुंदर धागा. पण शेवटचा परिच्छेद वाचून घास अडकला. मी टेक्सासमध्ये राहतो. आमच्या लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवायलाच बंदी आहे. हाताला लागला की हुक काढायचा, झटकन फोटो आणि पाण्यात. आठ-दहा वर्षांची मादी पाण्यात राहिली तरच पुढे मोठे मासे राहतात, हे आमच्या हाडीमांसी भिनलंय. जगातला सर्वांत मोठा बास जिथे होता तिथे मोठे मासे परत सोडायचेच नाहीत? हे कुठलं शहाणपण?

कुसात्सुकर

मी सरोवराच्या काठावर राहतो, म्हणून सविस्तर लिहितो. फोर्कवाले, तुमचा राग समजतो. पण टेक्सासातला बास तिथलाच आहे. इथला नाही.

जपानमध्ये बास पहिल्यांदा आला १९२५ साली. आकाबोशी तेत्सुमा नावाच्या उद्योगपतीने अमेरिकेतून मासे आणून हाकोनेच्या आशी सरोवरात सोडले. ते सरोवर डोंगरात एकटं पडलेलं, तिथून मासा बाहेर पसरणार नाही हा त्यामागचा विचार होता. बिवामध्ये बास पहिल्यांदा नोंदला गेला तो १९७४ साली. ऐंशीच्या दशकात त्याची संख्या भयंकर वाढली. ब्लूगिलची गोष्ट आणखी वेगळी. १९६० मध्ये तेव्हाचे युवराज आकिहितो अमेरिकेला गेले होते, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी मत्स्यपालन करता येईल म्हणून ते संशोधन संस्थेकडे दिले गेले आणि तिथून हळूहळू देशभर गेले. २००७ मध्ये इथेच, ओत्सुमध्ये, सम्राट म्हणून भाषण करताना आकिहितोंनी या गोष्टीबद्दल मनाला वेदना होतात असं जाहीरपणे सांगितलं. ते स्वतः गोबी माशांचे अभ्यासक, त्यामुळे ते शब्द उपचारापुरते नव्हते.

आता बिवाचं काय जातं ते पाहा. हे जगातल्या मोजक्या प्राचीन सरोवरांपैकी एक, मूळ सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीचं. जगात इतरत्र कुठेही नाहीत असे ६० हून अधिक जीव इथे आहेत. निगोरोबुना हा इथलाच मासा. मीठ आणि भातात महिनोन्‌महिने मुरवून त्याची फुनाझुशी करतात, ती या भागाची शेकडो वर्षांची ओळख. होनमोरोको हा बोटभर लांबीचा मासा, भाजून खातात. या दोन्ही माशांची पिल्लं काठच्या बोरूच्या बेटांत वाढतात आणि नेमका तिथेच बास दबा धरून बसतो. माझ्या ओळखीच्या वयस्कर कोळ्याने जाळं दाखवलं होतं. वरच्या थरात सगळे ब्लूगिल, काटे उभारलेले, जाळ्याच्या सुतात गुंतलेले. एकेक हाताने सोडवत बसला होता. खाली मोरोको निघाले ते ओंजळभर.

तुमच्याकडचा मूळचा मासा आणि इथे बाहेरून आलेला मासा यांना एकच न्याय लावता येत नाही.

मासोळी

किती नवीन माहिती! मी अगदी कोरी आहे या विषयात. नवऱ्याला नाद आहे, मला आणि मुलीला सोबत जायचंय. काही भाबडे प्रश्न. परवाना लागतो का? बोट घ्यावीच लागते की काठावरून जमतं? आणि बास हातात आल्यावर नेमकं करायचं काय? मुलीसमोर मासा मारायचा हे जरा जड जाईल.

खोलपाणी

मासोळी, प्रश्न अजिबात भाबडे नाहीत.

बिवामध्ये बास पकडायला परवाना किंवा फी लागत नाही. मात्र बोटीतून ट्रोलिंग करून, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत, बिवामासु हा इथला ट्राउटसारखा मासा पकडायचा असेल तर आधी परवानगी लागते, त्यामुळे तो मोह नको. भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो, मासेमारीसाठी वेगळं काही लागत नाही, पर्यटक व्हिसावर चालतं.

काठावरून मजेत जमतं. ओत्सुचा नागिसा पार्क हा लांबच लांब काठ आहे, फरसबंदी, बाकं, मुलांना पळायला गवत. संध्याकाळी नोकरीवरून सुटलेले लोक सूट-बूटात रॉड घेऊन उभे असतात. मुलीला ब्लूगिल नक्की मिळेल.

माशाचं काय करायचं याचं उत्तर काठावरच असतं. प्रीफेक्चरने बंदरांवर आणि उद्यानांत गोळा करायचे डबे ठेवलेत, काही ठिकाणी पाण्यात तरंगते पिंजरे आहेत. पिंजरा असेल तर जिवंत मासा तसाच आत सोडायचा, मुलीसमोर काही करावं लागत नाही. गोळा झालेल्या माशांचं खत वगैरे होतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बास किंवा ब्लूगिल जिवंत स्थितीत दुसरीकडे न्यायचा नाही. बादलीत घालून हॉटेलपर्यंतसुद्धा नाही. २००५ पासून देशाचा कायदा आहे, त्याखाली व्यक्तीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

चिखलवाट

बोटीबद्दल मी भर घालतो. गाइडची बोट घेणार असाल तर दिवसाचे ५० हजार येनच्या आगेमागे धरा, दोघांत वाटून घेतलेलं बरं. बहुतेक गाइड पुलाजवळच्या कातातापासून निघतात. कातातात टॅकलची, म्हणजे मासेमारीच्या सामानाची, दुकानंही आहेत. स्वतः बोट चालवायची तर ३ मीटरच्या आतली आणि १.५ किलोवॅटच्या आतल्या मोटरची बोटच लायसन्सशिवाय चालवता येते. त्याहून मोठीला जपानी लायसन्स हवं, बाहेरचं चालत नाही. आणि लाइफ जॅकेट २०१८ पासून सगळ्यांना सक्तीचं.

एक विनंती. दक्षिणेलाही उत्तरेलाही पाण्यात बांबूंच्या किंवा खांबांच्या रांगा दिसतील, वरून पाहिलं तर बाणासारखा आकार. त्यांना एरी म्हणतात, कोळ्यांची पारंपरिक स्थिर जाळी. मासा त्या रांगेच्या कडेने पोहत पोहत आत जातो. त्यांच्या आसपास बास असतो हे खरं आहे, म्हणूनच मोह होतो. तिथे गळ टाकू नका. जाळ्यात अडकलेला तिहेरी हुक रात्री जाळं ओढणाऱ्याच्या तळहातात जातो.

निळावंती

मला खरं तर मासेमारीच्या भागाबद्दल ऐकायचंय. वनस्पतींच्या रानात गळ टाकायचा म्हणजे प्रत्येक वेळी पालाच वर येणार ना? खोलपाणी, जरा हाताशी धरून सांगा.

खोलपाणी

निळावंती, हा माझ्या आवडीचा भाग.

दक्षिण सरोवरात आज दिसतात तशा वनस्पती नेहमी नव्हत्या. १९९४ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, पाणी ठरलेल्या पातळीच्या १२३ सेंटिमीटर खाली गेलं, तळापर्यंत ऊन पोचलं आणि तिथून वनस्पतींनी उसळी घेतली. आता उन्हाळा संपेपर्यंत त्या इतक्या माजतात की कापणी करायला बोटी फिरवाव्या लागतात. स्थानिक गाइड तळाची खोली सांगत नाहीत, 'वनस्पतीच्या डोक्यावर पाणी किती' ते सांगतात. ३ मीटर पाण्यात २ मीटर वनस्पती असेल तर तुमचं खरं पाणी वरचं १ मीटर.

तिथे वजनाशिवाय सोडलेला वर्म, म्हणजे प्लॅस्टिकचं मऊ अळीसारखं आमिष, लागतो. टाकायचा आणि दोरी ढिली सोडून थांबायचं. वर्म तिरका होत खाली येतो आणि पानांच्या टोकांवर टेकतो. टेकल्याचं रॉडच्या टोकावर जेमतेम कळतं, जणू कुणी शर्टाची बाही हलकेच धरली. मग मनगटाने छोटा झटका. इथे वनस्पती ओळखणं कामाला येतं. काही जातींची पानं कडकन तुटतात आणि वर्म मोकळा होतो, काही दोरासारख्या चिवट, त्या हुकाभोवती गुंडाळून येतात. गळ वर आला की हुकावर काय आलंय ते बघून पाला काढून टाका, पण आधी बघा. कडक तुटणारी, हिरवीगार, ताजी वनस्पती आली तर जागा सोडू नका. तपकिरी, चिखल माखलेली आली तर पुढे चला. वर्म तुटून सुटतो त्या क्षणीच बहुतेक वेळा मासा घेतो. 'टक' असं काही होत नाही, दोरी बाजूला चालायला लागते. दोरीवर नजर नसेल तर कळतसुद्धा नाही.

दोरी १२ ते १६ पौंडांची फ्लुरोकार्बन. दाट रानात थेट भोक पाडून खाली उतरायचं असेल तर वेणीची जाड दोरी, टंगस्टनचं जड वजन आणि भक्कम रॉड. मोठ्या माशाच्याच मागे लागणारे लोक डेप्सचा स्लाइड स्विमर २५० टाकतात, २५ सेंटिमीटरचं आमिष, दिवसभर तेवढंच. इथे मोजमाप सेंटिमीटरमध्ये चालतं. ५० च्या वरचा मासा अभिमानाने सांगायचा, ६० चा म्हणजे आयुष्यभराचा.

रॉडच्या नळीचं ओझं घेऊन गाड्या बदलू नका. विमानतळावरून ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, थेट हॉटेलला पाठवा, दुसऱ्या दिवशी पोचते.

लेकफोर्कवाला

कुसात्सुकर, तुमचं म्हणणं वाचून विचार केला. गोष्ट वाटली तेवढी सरळ नाही हे मान्य. तरी एक विचारतो. मी ऐकलंय की सोडणाऱ्याला दंडच नाही आणि तिथले कित्येक बासवाले सर्रास सोडतात. मग पाहुण्याने एकट्याने का पाळायचा नियम?

कुसात्सुकर

दंड नाही, बरोबर. बंदी आहे, शिक्षा नाही. आणि सोडणारे पुष्कळ आहेत हेही खरं. या बंदीविरुद्ध लोक न्यायालयात गेले होते, ओत्सुच्या न्यायालयाने २००५ मध्ये त्यांची मागणी नाकारली. गाइड, टॅकलवाले, बोटवाले यांचं पोट बासवर आहे, कोळ्यांचं पोट मोरोको आणि निगोरोबुनावर. दोघंही याच काठावर राहतात, एकमेकांना ओळखतात. हा वाद इथल्या लोकांचा आहे, त्यांनी तो भांडून, मतदान करून सोडवावा. बाहेरून चार दिवस आलेल्याने त्यात आपल्या हौसेचं वजन टाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

खोलपाणी

कुसात्सुकरांना पूर्ण अनुमोदन. मी पुढे जाऊन म्हणेन की दंड नाही म्हणूनच पाळावा. क्योटो-ओसाकाकडच्या १ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांच्या नळाला हे पाणी जातं. त्यांनी आपल्याला फुकट मासेमारी करू दिली आहे, त्या बदल्यात मागितलं आहे ते इतकंच. मोठा बास डब्यात टाकताना माझाही हात जड होतो. तो मासा देखणा असतो, लढलेला असतो, त्याचा काही गुन्हा नसतो. तरी टाकतो. ज्याला हे सोसणार नाही त्याने बिवावर न जाणं जास्त प्रामाणिक.

आणि फोर्कवाले, तुमच्यासाठी खरंच दुसरी वाट आहे. कावागुचि, यामानाका, साई आणि आशी या चार सरोवरांत बास मासेमारी अधिकृत आहे. तिथल्या सहकारी संस्था त्यासाठी दिवसाचं तिकीट देतात. फुजीच्या पायथ्याशी कावागुचि, टोकियोहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. मात्र तिथे प्लॅस्टिकचे मऊ वर्म चालत नाहीत. तुमच्या बॉक्समधला अर्धा माल घरीच राहील, पण मासा सोडता येईल. एकाच देशात एकच मासा, एका तळ्यात विकत आणून सोडतात आणि दुसऱ्यात परत सोडू देत नाहीत, हे पाहायला म्हणून तरी दोन्हीकडे जा.

मासोळी

कावागुचिचं बरं कळलं, नवऱ्याला सांगते. पण मला बिवाच जास्त आवडलंय. बास खातात का हो? डब्यात टाकण्यापेक्षा खाल्ला तर?

चिखलवाट

खातात, आणि चांगला लागतो. पांढरं, घट्ट मांस. वास असतो तो कातडीत आणि पोटाच्या चरबीत, त्यामुळे कातडी काढून टाकायची, चरबी खरवडायची, सुरी-पाट धुऊन मगच तुकडे करायचे. कुसात्सुला काठावरच बिवा सरोवराचं म्युझियम आहे, तिथल्या उपाहारगृहात बासची तेंपुरा (पिठात बुडवून तळलेले तुकडे) भातावर घालून देतात. मुलीला घेऊन नक्की जा. आधी आतले मासे पाहून घ्या, निगोरोबुना, मोरोको, इथला राक्षसी कॅटफिशही आहे. ही सगळी चर्चा मुलीला तिथे दहा मिनिटांत कळेल. मासा मारून, बर्फात ठेवून नेला तर कायद्याची अडचण नाही.

निळावंती

आम्ही मार्चअखेरीला जायचं म्हणतोय, सुट्ट्या तेव्हाच आहेत. थंडी फार असेल का? खोलपाणींनी जड माद्या म्हटल्यापासून डोक्यात तेच आहे.

कुसात्सुकर

मार्चअखेर मासा उत्तम, पण वाऱ्याकडे लक्ष द्या. पश्चिमेला हिरा डोंगरांची रांग आहे. थंडी सरता सरता तिथून अचानक थंडगार वारा सुटतो, इकडे त्याला हिरा हाक्को म्हणतात. सकाळी पाणी आरशासारखं आणि तासाभरात पांढऱ्या लाटा, असं होतं. ६ एप्रिल १९४१ ला कानाझावाच्या विद्यार्थ्यांची वल्ह्यांची बोट अशाच वाऱ्यात उत्तर सरोवरात उलटली, ११ जण गेले. ते तर सराव असलेले तरुण होते. तेव्हा त्या आठवड्यात छोटी भाड्याची बोट घेऊन पुलाच्या वर जाऊ नका. गाइड 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालू नका, बहुतेक जण दुसरी तारीख देतात. वाऱ्याच्या दिवशी दक्षिणेचा पश्चिम काठ त्यातल्या त्यात आडोशाचा, तिथे काठावरूनच टाका. आतून लोकरीचं आणि वर वारा अडवणारं जॅकेट घ्या. हातमोजे बोटं उघडी राहणारे, नाहीतर गाठ बांधता येत नाही.

निळावंती

कळलं. गाइडची एक तारीख आणि पुढे दोन दिवस मोकळे ठेवते. कातातात राहणं बरं की ओत्सुत?

कुसात्सुकर

ओत्सुत राहा. काठही पायाखाली आणि कातातापर्यंत लोकल आहे. गाइड पहाटे निघतो, त्या दिवशीची पहिली गाडी आदल्या रात्रीच बघून ठेवा.